परत फिरण्याची वेळ



आपल्या कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर हिने १४ मे २०२२ रोजी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा आपणा सर्वांना अभिमान वाटला. आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, खराब हवामानामुळे तिला शिखर न गाठताच परतावे लागले होते, हे मात्र थोड्यांच्याच लक्षात असेल. आज आम्हांला त्या परतण्याविषयी बोलायचे आहे.

हिमशिखराच्या मोहिमेची आखणी करताना तंबू, दोर, प्राणवायू, पैसा या सर्वांचा हिशेब होतो. पण जाणते गिर्यारोहक आणखी एक गोष्ट खालीच ठरवतात, ती म्हणजे परत फिरण्याची वेळ. ती झाली की शिखर समोर दिसत असले तरी मागे वळायचे. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर अनेकजण दुपारी दोननंतरही चढत राहिले. वादळाने गाठले आणि आठ जणांचा अंत झाला. त्याच महिन्यात स्वीडनचा योरान क्रॉप शिखर सुमारे १०० मीटर उरले असता एकटाच मागे फिरला. २३ मे रोजी तो शिखरावर पोहोचला.

प्रश्न असा, की पायथ्याशी ठरवणारा मी आणि शिखराजवळ उभा असलेला मी, यांपैकी कोणाचे ऐकावे? वरचा म्हणेल, 'खाली बसून ठरवणाऱ्याला इथले काय कळते?' त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ८,००० मीटरवर प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांश उरतो. बुद्धी मंदावते, मोह मात्र वाढतो. तिथे न्यायाधीशच पक्षकार झालेला असतो.

मग जिद्द हा सद्गुण नव्हे काय? आहेच. पण संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाची तीन कामे सांगितली आहेत : विचारविनिमय करणे, निर्णय करणे आणि तो अमलात आणणे. यांतील तिसरे त्यांनी मुख्य मानले. खाली शहाणपणाने ठरवलेले वर पाळणे, यालाही जिद्दच लागते. माघार भ्याडपणाची की विवेकाची, हे ओळखण्याची आमची खूण साधी आहे. कारण आधी ठरलेले असते, निमित्त ऐनवेळी शोधले जाते. 'आता इतके आलोच आहोत' हेही एक निमित्तच.

शिवाय दोराला आपण एकटेच बांधलेले नसतो. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामकरी मरण पावले. ते दुसऱ्यांच्या शिखरासाठी राबत होते. आपला जीव पणाला लावण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, यावर वाद होऊ शकेल. दुसऱ्याचा जीव आपल्या हट्टापायी पणाला लावण्याचा हक्क मात्र कोणालाच नाही.

आपण बहुतेकजण पन्हाळ्यापलीकडे चढणार नाही. पण मुलीच्या लग्नाचे कर्ज, भावाशी चाललेला जमिनीचा दावा, मुलाच्या परीक्षेचा ध्यास, हीदेखील शिखरेच आहेत. त्यांच्या दोराला सारे घर बांधलेले असते. प्रभूच्या दाखल्यातील बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करायचा असतो. आपणही या आठवड्यात घरच्यांसह बसावे, कुठे थांबायचे ते ठरवावे आणि तो आकडा, ती तारीख कागदावर लिहून ठेवावी. डोके शांत आहे तोवरच हे काम होते.