लाटणी, घागरी आणि घराची कागदपत्रं

१९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. वस्ती वाढत राहिली, पाणी मात्र रखडत आलं. नवरा सकाळच्या लोकलने फोर्टात जायचा. पाणी भरायला, रेशनच्या आणि घासलेटच्या रांगेत उभं राहायला, शाळेतून आलेल्या मुलांना वाढायला बाई घरी. दिवसभर घरी कुणीतरी असणारच, हे धरूनच उपनगरांतला संसार चालला. महापालिकेचं अपुरं काम तिने अंगावर घेतलं, आणि विचारलं तर म्हणायची, “मी काही करत नाही, घरीच असते.”

१९६३ मध्ये अमेरिकेत बेटी फ्रीडन यांनी उपनगरातल्या सुखवस्तू, शिकलेल्या गृहिणीची घुसमट पुस्तकात मांडली. ती घुसमट अंधेरी-घाटकोपरमध्येही होती. पण इथल्या बाईचा दिवस रिकामेपणाने नव्हे, तर टंचाईने खाल्ला होता. म्हणून घर हा पिंजरा की मंदिर, हा वाद मला अपुरा वाटतो. दोन्ही बाजू बाईच्या मनाबद्दल बोलतात, तिच्या कामाबद्दल बोलत नाहीत.

काम चव्हाट्यावर आणलं ते मोर्च्यांनी. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून समाजकार्यात आलेल्या गोरेगावच्या मृणाल गोरे पाण्यासाठी लढल्या, म्हणून लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटलं. १९७२ च्या दुष्काळी महागाईत त्या आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. तेलाचा, साखरेचा भाव त्यांना तोंडपाठ होता, आणि त्या माहितीला राजकारणात वजन आलं. गृहिणीपण न झुगारता, त्याचे गोडवेही न गाता त्यांनी त्याच बळावर सरकारला जाब विचारला. मला हे फार मोठं वाटतं.

तरी एक प्रश्न राहिलाच: पोळ्या कुणी लाटायच्या? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळातच थोडे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाती मृत्यूच्या भरपाईसाठी गृहिणीचं उत्पन्न धरायलाच हवं, असं ठासून सांगितलं. पण हे मोल ती गेल्यावरचं. बोरिवलीत चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईचं नाव ती जिवंत असताना फ्लॅटच्या करारावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर का नसावं?