मालकी आणि परवानगी

एखादी वस्तु विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, या समजुतीवर गृहस्थाचा सारा संसार उभा असतो. हिमरूची शाल घेतली कीं पैसे मोजतांच दुकानदाराचा संबंध संपला. मग ती आपण पांघरावी, लेकीस द्यावी, नाहींतर माळ्यावर पडूं द्यावी, विणकर विचारावयास येत नाहीं. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत मुलांच्या हातीं पूर्वी व्हिडिओ-खेळांच्या ज्या कॅसेटी असत, त्यांचीहि गोष्ट हीच. त्यांपैकीं पुष्कळ नकली होत्या, हें आम्हांस मान्य आहे. परंतु नकली कॅसेटहि शेजारच्या मुलास आठ दिवस देतां येई, आणि थोरला कॉलेजांत गेला कीं ती धाकट्याची होई.

आतां खेळ इंटरनेटवरून घरांत येतो. बटणावर शब्द ‘विकत घ्या’ असा असतो. अटींत मात्र लिहिलेलें असतें कीं, हा केवळ वापराचा परवाना आहे. ‘स्टीम’ या मोठ्या दुकानाच्या अटींप्रमाणें खातें दुसऱ्याच्या नांवें करतां येत नाहीं. म्हणजे बापानें जन्मभर जमविलेला संग्रह मुलास वारशानें मिळावयाचा नाहीं. असा परवाना विकतांना तो परवानाच आहे हें गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावें, असा कायदा कॅलिफोर्नियांत 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. ‘विकत’ या शब्दाचा अर्थ राखण्यास कायदेमंडळ लागावें, हें व्यापाराला भूषणावह नव्हे.

‘मग तबकडीच घ्या’ असा उपाय कित्येक सुचवितात. तो आम्हांस अर्धाच वाटतो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ 2014 साली निघाला व तबकडीवरहि विकला गेला. परंतु कंपनीच्या सर्व्हरशीं जोडल्यावांचून तो चालत नसे. 31 मार्च 2024 रोजीं सर्व्हर बंद झाले, आणि कपाटांतली तबकडी तबकडीच राहिली. उलट ‘गॉग’ या दुकानाचा खेळ एकदां डाउनलोड करून ठेवला कीं चालविण्यास पुन्हां कोणाची अनुमति लागत नाहीं, व तेथें तबकडी मुळींच नाहीं. तेव्हां वस्तु हातांत धरतां येते कीं नाहीं हा खरा प्रश्न नव्हे. विकून झाल्यावरहि विक्रेत्याची परवानगी पदोपदीं लागते काय, हा आहे.

सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, आणि तो कंपनीनें आचंद्रार्क करावा असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. पण सेवा बंद करतांना खेळ गिऱ्हाइकांस आपल्या बळावर चालवितां येईल अशा स्थितींत ठेवून जावें, ही 2024 साली रॉस स्कॉट यांनीं सुरू केलेल्या चळवळीची मागणी आम्हांस सर्वथा न्याय्य वाटते.

खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीचें एवढें काय, असें वडीलधारी मंडळी म्हणतील. आमच्याच जिल्ह्यांतील पैठणास नाथांनीं शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो निरनिराळ्या प्रती ताडून. ग्रंथ होऊन तेव्हां जवळजवळ 300 वर्षें लोटलीं होतीं. प्रती सदोष होत्या, पण घरोघरीं होत्या, आणि त्या परत मागण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता. खेळास ज्ञानेश्वरीच्या पंक्तीस बसविण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु आपल्या काळांतलें काय पुढील पिढी शोधीत येईल, हें आपल्यास कळत नाहीं. आणि ती आली तेव्हां ताडून पाहावयास निदान एक प्रत तरी कोणाच्या घरीं असावी लागते.