पट्टा आणि दस्तार

'तालीम' हा शब्द आम्ही खानदेशातले मुसलमान दोन अर्थांनी वापरतो. घरात अम्मी-अब्बांच्या तोंडी तालीम म्हणजे शिक्षण. दाराबाहेर पडून मराठीत बोलू लागलो की तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, जोर-बैठका आणि लंगोट. शब्द अरबी, पण मराठीने तो मातीत उतरवला आणि त्याचा अर्थ काही बिघडला नाही. कुस्ती, दंगल, पहिलवान, खुराक, वस्ताद हे शब्दही असेच फारसी-अरबीतून आले आणि आखाड्यात रुजले. 'आपले' आणि 'त्यांचे' अशी वाटणी करणाऱ्यांनी एकदा आखाड्यातली भाषा ऐकावी.

आता आमच्या मोहल्ल्यांतली मुले आखाड्यात कमी आणि तायक्वांदोच्या वर्गात जास्त दिसतात. जळगाव असो की धुळे, शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी पांढऱ्या पोशाखातली रांग उभी असते. हा खेळ कोरियाचा. तायक्वांदो हे नावच १९५५ सालचे, म्हणजे आमच्या आजोबांच्या लग्नापेक्षा फार जुने नाही. १९७२ साली सेऊलला कुक्किवॉन हे त्याचे मुख्य केंद्र उभे राहिले, १९७३ साली जागतिक महासंघ झाला आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून तो पदकांचा खेळ ठरला. मूल पांढऱ्या पट्ट्याने सुरुवात करते. मग पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि शेवटी काळा. मधल्या पायऱ्या धरून काळ्याच्या आधी दहा टप्पे. साधारण दर तीन-चार महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी आणि प्रमाणपत्र.

आम्हाला प्रश्न पडतो तो या पट्ट्याचा. कमरेला बांधलेले हे कापड नेमके काय सांगते? मुलाला किती येते हे, तो किती दिवस आला हे, की त्याच्या बापाने किती वेळा फी भरली हे?

थट्टा करणे सोपे आहे. पट्टे विकतात, परीक्षा म्हणजे नुरा कुस्ती, असे बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या बोलण्यात काही खरे असेलही, कारण ज्याच्या हाती उत्तीर्ण करणे आहे त्याच्याच हाती फी पडते, आणि अशा ठिकाणी नीयत साफ ठेवणे कुणालाही अवघडच. तरी आम्ही या थट्टेत सामील होणार नाही. पॉवरलूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाचा मुलगा, ज्याला वर्गात शेवटच्या बाकावर बसायची सवय झालेली, तो पहिला पिवळा पट्टा घेऊन घरी येतो तेव्हा त्या घरात काय होते ते आम्ही पाहिले आहे. त्याचे नाव छापलेला, रेशनकार्डाखेरीज दुसरा कागद त्या घरात नसतो. प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लागते. मुलाला एवढी उंच शिडी एकदम चढवत नाही, पायरी लागते. जपानमध्ये ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ साली आपल्या दोन शिष्यांना पहिली 'दान' श्रेणी दिली. श्रेण्यांची ही रीत त्यांनी 'गो' या बैठ्या खेळातून उचलली होती. पुढे तीच कराटेत आणि तिथून कोरियन खेळात आली. शिकणाऱ्याला आपण कुठवर आलो ते कळावे, इतकाच तिचा उद्देश. (मराठी कानाला 'दान' म्हटले की दिलेली वस्तू वाटते. मूळ शब्दाचा अर्थ पायरी.)

गोंधळ होतो तो काळ्या पट्ट्यापाशी. आमच्याकडे काळा पट्टा म्हणजे शेवट. पेपरात फोटो येतो, हार पडतात आणि मुलगा वर्गात यायचा थांबतो. कोरियन भाषेत मात्र पहिल्या दानाला 'छोदान' म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. कुक्किवॉनचे नियमही तेच बोलतात. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दान मिळत नाही, 'पूम' मिळतो, त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. पहिल्या दानावरून दुसऱ्यावर जायला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर दोन, तिथून चौथ्यावर तीन. जसजसे वर जाल तसतशी थांबण्याची मुदत वाढत जाते. वरच्या श्रेणीला अंगातल्या चपळाईइतकाच काळ लागतो, आणि तो विकत मिळत नाही.

आमच्या वाचकांना यासारखी गोष्ट जवळून ठाऊक आहे. मदरशात मूल हिफ्झ पूर्ण करते तेव्हा दस्तारबंदी होते. तिथेही कापडच. तायक्वांदोचे कमरेला, हे डोक्याला. पण दस्तार बांधल्यावर हाफिज सुटत नाही. रोज दौर केला नाही तर पाठ केलेले निसटते, हे त्यालाही ठाऊक असते आणि त्याच्या उस्तादालाही. वर्षातून एकदा रमजान येतो. तरावीहमध्ये तो पुढे उभा राहतो, मागे सामे उभा असतो, आणि एखादी आयत चुकली की मागून लुकमा मिळतो. अख्ख्या मोहल्ल्यासमोर, दरवर्षी आणि फीशिवाय. किताब डोक्यावर असला तरी परीक्षा संपलेली नसते.

कुस्तीतही तेच. आमच्याच जळगाव जिल्ह्यातल्या, चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. २०१४ ची गदा खांद्यावर होती म्हणून २०१५ साली त्यांना कुणी सूट दिली नाही. पुन्हा मातीत उतरावे लागले. पट्ट्याचे तसे नाही. एकदा काळा झाला की तो पुन्हा कुणी पांढरा करीत नाही, मग दहा वर्षे पाय उचलला नाही तरी चालते. आमच्या मते या पद्धतीचे खरे व्यंग हे आहे, आणि फीपेक्षा ते मोठे आहे. जो दर्जा गमावता येत नाही तो हळूहळू मालमत्तेसारखा होतो. मालमत्ता दाखवायची असते, तिचा सराव कोण करतो?

कागदाचे मोल आमच्या समाजाला वेगळ्या रीतीने कळते. राज्यात २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ते पट्ट्यावर मिळत नाही, ठरवून दिलेल्या स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळते, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. रंगीत पट्ट्यांची फाईल घेऊन नोकरीच्या आशेने फिरणारी पोरे पाहून वाईट वाटते. पुढे या आरक्षणासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली. कुणी म्हणेल, व्यवस्थाच तशी आहे, आपल्या पोराने एक कागद जोडला तर काय बिघडले? इथे आम्हाला लहानपणी शिकवलेला हक्कुल इबाद आठवतो. नमाज चुकली तर तो बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला. दुसऱ्याचा हक्क मारला तर ज्याचा मारला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही. खोट्या प्रमाणपत्राने मिळवलेल्या खुर्चीवर कुणीतरी बसणार होता. तो पहाटे पाचला मैदानावर पळत होता. त्याचा पत्ता आपल्याला माहीत नाही, मग माफी मागणार कुणाकडे?

वर्गात वाकून अभिवादन करण्यावरून काही घरांत कुरकुर होते. तिच्यावर फार शाई खर्च करावी असे आम्हाला वाटत नाही. कुस्तीत सलामी झडते, तसेच हे. मनात इबादतीची नीयत नसेल तर ती समोरच्याला दिलेली अदब आहे, आणि ज्याला तरीही खटकते त्याने सरांशी मोकळेपणाने बोलावे. छातीवर हात ठेवून मान तुकवणाऱ्या मुलाला शहाणा शिक्षक रांगेबाहेर काढत नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट मुलींची आहे. वर्गात निष्ठेचे पाठ सगळ्यांना सारखेच दिले जातात. रोज या, वेळेवर या, मधेच सोडू नका. मुलगी ते मनावर घेते. पाच वर्षे येते, निळ्या पट्ट्यापर्यंत पोचते. मग ती तेरा-चौदाची होते आणि घरातले म्हणतात, आता पुरे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पोरीने सोडले. निष्ठा मोडली ती कुणी? आम्ही मुलांकडून चिकाटी मागतो, पण त्या चिकाटीची किल्ली आपल्या खिशात ठेवतो. आणि हे करताना दीनचे नाव पुढे करणे तर मुळीच पटत नाही. जागतिक संघटनेने संरक्षक टोपाखाली डोके झाकायला कधीच मुभा दिली आहे. इराणच्या किमिया अलीजादेने २०१६ साली रिओत डोके झाकूनच कांस्य जिंकले. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती इराणची पहिली स्त्री. (पुढे तिने देश सोडला, त्याची कारणे तिने स्वतः सांगितली आहेत, आणि तीही आपण ऐकायला हवीत.) अफगाणिस्तानला आजवर मिळालेली दोन्ही ऑलिम्पिक पदके याच खेळातली, २००८ आणि २०१२ ची. ती जिंकणारा रोहुल्लाह निकपाई निर्वासित म्हणून इराणात वाढला होता. जॉर्डनचे पहिले ऑलिम्पिक पदक, तेही सुवर्ण, २०१६ साली अहमद अबुगौशने याच खेळात आणले. महागडे मैदान लागत नाही, घोडा-बंदूक लागत नाही, म्हणून गरीब मुलखांना हा खेळ परवडला. धुळ्या-जळगावच्या गल्ल्यांनाही म्हणूनच परवडतो.

जिथे मुलींसाठी स्त्री प्रशिक्षक आहे तिथे 'आता पुरे' हा शब्द उशिरा येतो. पण स्त्री प्रशिक्षक आकाशातून पडणार नाही. आज निळ्या पट्ट्यावर जिला थांबवले तीच आणखी सहा-सात वर्षांनी ती झाली असती. मोहल्ल्यात वर्गणी काढून आपण जलसे करतो, शामियाने उभारतो. त्यातून चार मुलींची परीक्षा फी निघू शकते, आणि घरी पोचवायला रिक्षाही.