एक जूनचा शिपाई

आमच्या थोरल्या मामांना वाढदिवस दोन. एक दिवाळीच्या आसपासचा, कधी साजरा न झालेला. दुसरा एक जूनचा, फक्त कागदांवरचा. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेले इतके आहेत की त्या दिवशी गावोगावच्या सुइणींना उसंत मिळाली नसेल असं वाटावं. करामत अर्थात शाळेत नाव दाखल करणाऱ्या गुरुजींची. मामांच्या बाबतीत पुढे दाखल्यावर सालही बदललं. जन्म १९५४ चा, कागदावर १९५२. त्या जोरावर ते १९७० साली पायदळात भरती झाले आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात पूर्व आघाडीवर लढले.

ही भरतीची गोष्ट मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकली. गोष्ट तीच, पण तिचा अर्थ दर वेळी निराळा होता.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी शाळकरी होतो. मामा सुट्टीवर आलेले, नाव-नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंकेवर बसलेले. मैदानात रांग, टेप घेतलेला हवालदार, श्वास रोखून फुगवलेली छाती, आणि साहेबानं वय विचारल्यावर ठोकून दिलेलं “अठरा!” साहेबाला कसं गंडवलं याची ती गोष्ट होती. आम्ही पोरं पोट धरून हसलो. त्या दिवसापासून वय म्हणजे छातीचा घेर, अशी माझी समजूत झाली.

ती अगदीच पोरकट नव्हती. पहिल्या महायुद्धात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण कामी आले; गावाला आजही ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात. त्या काळच्या भरतीत उंची मोजता येत होती, छाती मोजता येत होती. वय मोजणार कशानं? आया पोरांचं वय दुष्काळावरून नाहीतर प्लेगच्या सालावरून सांगायच्या. इंग्लंडात मात्र जन्माचा दाखला होता. भरतीला अठरा आणि परदेशी आघाडीवर जायला एकोणीस, असा नियमही होता. तरी सिडनी लुईस नावाचा पोरगा १९१५ साली बाराव्या वर्षी भरती झाला आणि तेराव्या वर्षी सोमच्या लढाईत होता. त्याच्या आईनं जन्मदाखला पाठवला तेव्हा त्याला घरी धाडलं. आमच्याकडच्या एखाद्या आईला तसं करावंसं वाटलं असतं तरी तिच्याजवळ पाठवायला कागद कुठे होता? जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा आपल्याकडे झाला तोच १९६९ साली.

दुसऱ्यांदा मी कॉलेजात होतो, मामा पेन्शनीवर आलेले. मीच कौतुकानं विषय काढला, “मामा, तुम्ही साहेबाला कसं फसवलंत ते सांगा ना यांना.” मित्र सोबत होते. मामा हसले नाहीत. “आरं, त्याला दिसत न्हवतं व्हय? मिसरूड फुटलं न्हवतं मला. त्यानं बघितलं, हसला आन् शिक्का मारला.” एवढंच बोलून ते गोठ्याकडे गेले. खोटं पोरगा एकटा बोलत नाही, हे मला तेव्हा कळलं. दाखला देणारा, मोजणारा, शिक्का मारणारा, आणि घरातलं एक खाणारं तोंड कमी होतंय म्हणून गप्प राहिलेले आजोबा, सगळे मिळून ते बोलतात. जबाबदारी मात्र सोळा वर्षांच्या जिभेवर टाकतात.

मधल्या काळात जगानं या प्रश्नावर कागदोपत्री बराच विचार केला. सशस्त्र संघर्षातल्या मुलांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा पूरक करार २००० साली आला आणि भारतानं २००५ मध्ये त्याला मान्यता दिली. तेव्हा आपल्या सरकारनं जाहीर केलं की सैन्यात येऊ इच्छिणाऱ्यांचं किमान वय सोळा, पण प्रशिक्षणानंतर लढाईच्या क्षेत्रात पाठवायचं ते अठरा पूर्ण झाल्यावरच. म्हणजे भरतीचं वय वेगळं आणि लढण्याचं वेगळं. कारगिलमध्ये टायगर हिलवर परमवीरचक्र मिळवणारे योगेंद्रसिंह यादव सोळा पूर्ण होऊन काही महिने झाले असताना भरती झाले होते. लढले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आज अग्निवीराला साडेसतराची अट आहे.

ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटली होती. तीन वर्षांपूर्वी मी ती मोठ्या उत्साहानं मामांना समजावून सांगितली. तेव्हा तिसऱ्यांदा गोष्ट निघाली आणि या वेळी ती भरतीच्या मैदानावर थांबली नाही.

कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, तेव्हा मामा तेरा वर्षांचे होते. आजीनं त्यांना झोपेतून ओढून अंगणात आणलं होतं. चारच वर्षांनी, तोही डिसेंबरच, खंदकात डोळा लागलेला असताना पहिले तोफगोळे पडले. “जमीन हालली तसा मला भूकंपच वाटला. आई म्हणून हाक मारली मी. मोठ्यानं. सगळ्यांनी ऐकली.” कोणी हसलं का, असं मी विचारलं. “हसतंय कोण? शेजारचा लान्स नायक चोवीस वर्साचा, एका पोरीचा बाप. त्यो बी थरथरत हुता. तुझं अठरा आन् सतरा कागदावर ऱ्हाऊ दे.”

मामांचं म्हणणं मला अर्धं पटतं. अठरा पूर्ण झाल्यानं भीती कमी होत नाही, आणि वयाच्या अटीनं कोणी शूर होत नाही. पण ती अट भीतीसाठी नाहीच, होकारासाठी आहे. मामांनी सोळाव्या वर्षी बुटांना, दोन वेळच्या लंगराला आणि त्या काळ्या ट्रंकेला ‘हो’ म्हटलं होतं. खंदकाला नव्हे. तो काय असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्या वयात कळलं नसतं. चोवीस वर्षांच्या लान्स नायकाला निदान आपण काय मागे ठेवून आलोय ते ठाऊक होतं. म्हणून अट हवी, आणि ती मोजणाऱ्यावर हवी, पोरावर नको.

हेही मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेन्शनचं पुस्तक काढायला लावलं. ऐंशी पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतन वीस टक्क्यांनी वाढतं. कागदाप्रमाणे मामा एक जून २०३२ ला ऐंशीचे होतील. घरात त्या दिवशी ते सत्त्याहत्तर वर्षांचे असतील.