बीम कोण देणार?

इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याकडून बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, घेतो, कापड विणून देतो आणि पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यामागे, पैशांत ठरलेली मजुरी घेतो. सूत त्याचे नाही, कापडही त्याचे नाही. त्याचे आहेत ते माग, विजेचे बिल आणि कामगारांचा पगार. करकपातीचा विषय निघाला की हातकणंगले तालुक्यातला हा माणूस माझ्या डोळ्यांपुढे येतो. कर घटला की उद्योजकाच्या हाती पैसा उरतो, त्यातून तो नवी यंत्रे घेतो आणि रोजगार वाढतो, असे सांगतात. पण खर्चीवाला नवा माग कधी घेईल? व्यापारी आणखी बीम द्यायला तयार असेल तेव्हा. बीमच येत नसतील तर उरलेला पैसा तो कर्जाच्या हप्त्यात भरेल, आणि तेच शहाणपणाचे आहे.

मोठ्यांनीही हेच केले. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत घोषणा केली आणि मोठ्या कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला. सरकारने वर्षाच्या १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडले. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात नोंद आली, की हा पैसा कर्जफेडीत आणि रोकड साठवण्यात गेला, नव्या गुंतवणुकीचे चक्र काही फिरले नाही. मध्ये टाळेबंदी आली हे खरे, पण मागणी त्याआधीच मंदावली होती. आणि आमच्याकडचे बहुतेक कारखाने कंपन्या नाहीतच. कुणाचा धंदा एकट्याच्या नावावर, कुणाची भावाभावांची भागीदारी. भागीदारी संस्थेचा ३० टक्के कर तसाच राहिला. वाढीसाठी म्हणून दिलेली सवलत जिथे माणसे सर्वांत जास्त राबतात तिथे पोचलीच नाही, याचा मला आजही राग येतो.

२२ सप्टेंबर २०२५ ची जीएसटी कपात मात्र मला पटते. कृत्रिम धाग्याच्या सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के, अशी उलटी रचना आठ वर्षे होती. फरकाचा परतावा मिळेपर्यंत भांडवल अडकून पडायचे. सुतावरचा करही ५ टक्क्यांवर आला आणि ती गाठ सुटली. साबण, टूथपेस्ट, डोक्याचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आले. मागावरचा कामगार आयकर भरत नाही, पण साबणावरचा कर तो रोज भरतो. त्याच्या हाती वाचलेले शंभर रुपये आठवडी बाजारात लगेच खर्च होतात.

दिवाळीला त्याने मुलासाठी एकाऐवजी दोन शर्ट घेतले, तर त्या दुसऱ्या शर्टाचे कापड कुठल्या तरी मागावर विणावेच लागेल. हजार रुपयांखालच्या शर्टावरचा कर आधीही ५ टक्के होता, आजही ५ टक्केच आहे; दुसरा शर्ट येईल तो साबणा-तेलावर वाचलेल्या पैशांतून.