ऋतूची अनुमती

पंचांग वसंताला चैत्र आणि वैशाख हे दोन मास नेमून देते. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगररानात तो एकाच दिवशी सर्वत्र सारखा उतरत नाही. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन उतारावरून खोऱ्यात साचते, त्यामुळे पहाटे पायथ्याशी गारवा असताना माथ्यावर ऊब असते. या उलट्या क्रमास भूगोलात ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. ऊन चढले की हा क्रम मोडतो आणि दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअस या नेहमीच्या प्रमाणात माथा पायथ्याहून थंड होत जातो. एकाच डोंगरावर ऋतू असा दुहेरी असेल, तर तो आला असे ठरवायचे कोणी?

वैदिक विचारात ‘ऋत’ म्हणजे विश्वाची अंगभूत व्यवस्था असून ‘ऋतू’ हा शब्दही त्याच धातूशी जोडला जातो. तेथे मनुष्याने व्यवस्थेला अनुसरायचे असते. माडिया गोंडांचा ‘पंडुम’, म्हणजे नवे फळ वा धान्य देवांना आणि पूर्वजांना अर्पण केल्यावाचून न खाण्याचा सण, या अनुसरणात प्रतीक्षेची भर घालतो. झाडाखाली पाडाचा आंबा पडलेला असला, तरी गावाने दिवस ठरवून ‘गायता’ या ग्रामपुजाऱ्याने पूजा करेपर्यंत तो खाल्ला जात नाही. फळ पिकवणे हे हवामानाचे काम. ते आपले म्हणण्याचा अधिकार मात्र अर्पणातून अनुमती मागितल्यानंतर येतो.

या संयमामुळे बी पक्व होण्यास अवधी मिळतो, हे उपयुक्ततावादी स्पष्टीकरण खोटे नाही. पण ते अपुरे आहे, कारण केवळ उपयोगासाठी पाळलेला नियम उपयोग संपताच सुटतो, तर ऋण मानणारा नियम उपयोग संपल्यावरही टिकतो. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील खाणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेथील आदिवासींच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा अनुमतीची ही कल्पना कायद्याच्या भाषेतही उमटली.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडाच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि त्याच डोंगरात लोहखनिजही आहे. आंब्याला पाड लागतो, म्हणून त्याच्यासाठी थांबता येते. खनिज कोणत्याही ऋतूत पिकत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे किती थांबायचे आणि कोणाला विचारायचे, हे कोणताही वसंत सांगत नाही.