शिस्त आणि उजेड

रायफलीला नेम धरण्यासाठी साधी लोखंडी साइट बरी, की अंधारात चमकणारी? वरवर पाहता हा प्रश्न सैनिकाने किंवा बंदुकीच्या दुकानदाराने सोडवावा असा आहे. शाळामास्तराने त्यात का पडावे? पण बेळगावात राहणाऱ्याला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र हा शेजारच असतो, आणि एन.सी.सी.च्या निमित्ताने पॉइंट टू-टू रायफलीमागे आडव्या झालेल्या मुलांजवळ मी बरीच वर्षे उभा राहिलो आहे. तिथले उस्ताद नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. मुले हसतात, कारण शिस्त म्हणजे हेडमास्तरांची छडी एवढेच त्यांना ठाऊक! पण मराठीतही या शब्दाचा जुना अर्थ नेम असाच आहे. नेम आणि संयम यांना एकच शब्द असावा, हा मला भाषेचा शहाणपणा वाटतो.

आधी यंत्र समजून घेऊ. मागे एक खाच किंवा छिद्र, पुढे नळीच्या टोकाशी एक उभी पट्टी. जुने शिकारी तिला माशी म्हणत. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे, एवढीच साधी साइट. दोन्हींत अर्ध्या मीटरचे अंतर धरले आणि माशी एका मिलिमीटरने जरी चळली, तरी शंभर मीटरवर गोळी वीस सेंटीमीटर बाजूला जाते. शिवाय डोळ्याला तीन अंतरांवरच्या तीन वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून उस्ताद शिकवतात, माशी स्पष्ट ठेवा, लक्ष्य थोडे अंधुक राहिले तरी चालेल.

संध्याकाळ झाली की ही काळी माशी काळोखात विरघळते. त्यावर तोड म्हणजे चमकणारी साइट. आपण चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो. पूर्वी ते खरेच रेडियम असे. त्याने घड्याळाच्या तबकड्या रंगवताना ब्रशाचे टोक ओठांनी जुळवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींचे जबडे सडले, कित्येकजणी दगावल्या. उजेडाची किंमत कोणीतरी दुसराच मोजत असतो, याचा हा दाखला. आता बहुधा ट्रिटियम वापरतात. १९३४ साली शोध लागलेला हा किरणोत्सारी हायड्रोजन बारीक काचनळीत भरतात, आणि आतला लेप बॅटरीवाचून चमकत राहतो. ट्रिटियमचे अर्धे आयुष्य सुमारे १२.३ वर्षे, तेवढ्या काळात तो उजेड निम्म्यावर येतो.

आता नीट पाहा. हा उजेड पडतो कशावर? लक्ष्यावर नव्हे, माशीवर. अंधारात समोर कोण उभा आहे हे ती साइट सांगत नाही. आपला नेम कुठे आहे एवढेच सांगते. साधन लखलखते, साध्य काळोखातच राहते. नैतिक प्रश्न सुरू होतो तो इथे.

दशरथाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. शब्दवेधी बाण ही त्याची विद्या. शरयूकाठी अंधारात घडा बुडल्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितो असे वाटून त्याने बाण सोडला आणि श्रावण कोसळला. नेम चुकला नव्हता. नेम अचूक होता, हीच शोकांतिका आहे! कौशल्य होते; समोर कोण आहे हे पाहणे तेवढे राहून गेले.

साध्या साइटमध्ये एक न मागता मिळालेला लगाम आहे. उजेड गेला की ती दिसेनाशी होते. जणू बंदूकच म्हणते, आता पुरे. खानापूरच्या बाजूला पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकऱ्याला विचारा. तिन्हीसांजेला उसातले रानडुक्कर आणि उसात वाकलेला माणूस यांत किती फरक दिसतो? चमकणारी माशी हा लगाम काढून घेते. हात चालू शकतो, पण डोळ्याची खात्री झालेली नसते.

म्हणून साधी साइट सात्त्विक आणि चमकणारी तामसी असे मी म्हणणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात ब्राँझपदक मिळवले. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. छिद्रातून पाहायचे आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. पण तिथे समोर कागद आहे हे ठरलेले असते. तिथली साधी साइट कौशल्याची कसोटी आहे, सदसद्विवेकाची नव्हे. उलट सीमेवर रात्रीचा पहारा करणाऱ्या जवानाला ‘तू काळ्या माशीनेच नेम धर’ असे ट्यूबलाइटखाली बसून मी सांगावे, हा नुसता उद्धटपणा होईल. त्याच्या जिवाची जोखीम त्याची आहे.

तेव्हा निवड दोन साइटींमधली नाहीच. साधनाने घातलेली मर्यादा ज्याने दूर केली, त्याने ती स्वतःच्या मनात उभी केली पाहिजे; चमकणारी साइट घेणाऱ्याचे कर्तव्य कमी होत नाही, वाढते. युद्धाच्या नियमांतही हेच तत्त्व आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात म्हटले आहे की, समोरचा नागरिक की लढवय्या अशी शंका असेल तर त्याला नागरिकच मानावे. शंकेचा फायदा बंदुकीला नाही, माणसाला.

हे बंदुकीपुरते राहत नाही. शिक्षक, न्यायाधीश, संपादक, पुढारी, आम्हा सर्वांच्या हाती दिवसेंदिवस अधिक अचूक साधने येत आहेत. आपली पट्टी स्वच्छ दिसते, आपला युक्तिवाद झळकतो, आणि समोरचा माणूस मात्र अंधुक असतो. आपल्या सीमाभागात तर कोण आपला आणि कोण परका याचा नेम फार चटकन धरला जातो. अशा वेळी शिस्त या शब्दाचे दोन्ही अर्थ आठवावेत. नेम धरता येणे ही अर्धी शिस्त. समोर कोण आहे ते कळेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणे ही उरलेली अर्धी.